डबल हेझी आयपीए चाखायची कृती

फ्रिजमधून कॅन काढला, फस्सकन उघडला आणि तोंडाला लावला, असं आज करायचं नाही. आज टेबलावर आहे डबल हेझी आयपीए ही बिअर. रंगाने पिवळी-नारिंगी, इतकी गढूळ की ग्लासापलीकडचं बोट दिसत नाही, फळांच्या वासाने भरलेली आणि साधारण ८ टक्के अल्कोहोलची. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हटलं की बर्फगार करून शेंगदाण्यांबरोबर घशाखाली उतरवायची सवय असते. ही तशी प्यायलीत तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. हिची निम्मी मजा नाकात आहे, आणि ती नाकापर्यंत पोचायला हिचा गारवा थोडा उतरावा लागतो. तेव्हा तासभर मोकळा काढा, मोबाइल पालथा ठेवा आणि क्रमाने चला. क्रम मात्र मोडू नका.

साहित्य (दोघांसाठी): डबल हेझी आयपीएचा एक कॅन, बहुतेकदा ४७३ मिलीचा, माणशी दोन ट्यूलिप ग्लास, नसतील तर वाइनचे, जाडं मीठ, एक छोटी वाटी, साधं पाणी, साधा पाव, पांढरा कागद आणि पेन्सिल. चकणासुद्धा आणून ठेवा, पण स्वयंपाकघरातच. त्याची पाळी शेवटी.

दारू पिण्याचं कायदेशीर वय पूर्ण झालेलं नसेल, पोटात बाळ असेल किंवा दारू चालत नाही असं औषध सुरू असेल, तर ही कृती तुमच्यासाठी नाही. गाडीची किल्ली आत्ताच घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

आदल्या दिवशी

१. कॅनच्या बुडावरची तारीख वाचा. ही बिअर मुरवायची नसते, ताजीच प्यायची असते. भरल्यापासून महिना-दीड महिन्याच्या आत असेल तर उत्तम, तीन महिने उलटले असतील तर फार अपेक्षा ठेवू नका. कॅन अमेरिकेतला असेल तर एक गंमत लक्षात ठेवा: तिथे महिना आधी लिहितात. ०३/०५ म्हणजे ५ मार्च, ३ मे नव्हे. दोन महिने जुना कॅन ‘अगदी ताजा आहे’ म्हणून लोक कौतुकाने उघडतात, तो या घोळामुळे.

(बॉस्टनच्या किंवा न्यू जर्सीच्या नातेवाइकाकडून मागवणार असाल, तर तिकडे हेझी बहुधा चार कॅनच्या पॅकमध्ये मिळते. चारांची मिळून १.९ लिटरच्या आसपास होते, म्हणजे विमानतळावरच्या कस्टम्सच्या २ लिटरच्या सवलतीत बसते. कॅन चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येकी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. केबिन बॅगेत ठेवलात तर सुरक्षा तपासणीतच सोडून द्यावे लागतील.)

२. कॅन फ्रिजमध्ये उभा ठेवा. निदान एक अख्खी रात्र हलवू नका, म्हणजे यीस्टचा आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) गाळ तळाशी बसेल. दारातल्या कप्प्यात नको, दार उघडझाप करताना तो सारखा हिंदकळतो. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको, फुटेल.

चाखण्याआधी तासभर

३. तोंड कोरं ठेवा. चहा, कॉफी, पान, बडीशेप, सिगारेट, काही नाही. दात घासायचे असतील तर त्याआधीच घासून घ्या. पेस्टचा पुदिना तोंडात असला की बिअर नुसती कडू लागते.

४. खोलीतला वास बाहेर घालवा. उदबत्ती विझवा, खिडकी उघडा, आणि शेजारच्या खोलीत लसणाची फोडणी पडणार असेल तर जेवण थोडं पुढे ढकला. अत्तर लावून बसू नका. हाताला वासाचा साबण लागला असेल तर नुसत्या पाण्याने पुन्हा धुवा. ग्लास नाकाशी नेताना हातही नाकाशी जातो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

५. ग्लास मिठाने घासा. ग्लास ओला करा, आतून जाडं मीठ फिरवा, बोटांनी हलकं चोळा. धुतलेला ग्लास स्वच्छ असतोच असं नाही. भांड्यांच्या साबणाचा किंवा तेलाचा पुसट थर राहिला तरी फेस मान टाकतो.

६. ग्लास गार पाण्याने विसळा. पाणी आतून सलग पसरून ओघळलं तर ग्लास स्वच्छ. जागोजागी थेंब धरले तर पाचवी पायरी पुन्हा करा. फडक्याने पुसू नका, पालथा ठेवून निथळू द्या. फडक्याची लव आणि काल पुसलेल्या ताटाचा वास, दोन्ही ग्लासात उतरतात.

ओतताना

७. कॅन फ्रिजबाहेर काढून ठेवा. पुण्यातल्या एप्रिलमध्ये पाच मिनिटं बास, थंडीच्या दिवसांत दहा-पंधरा. फ्रिजमधून काढलेली बिअर ४ अंशांच्या आसपास असते आणि तेवढ्या गारव्यात वास दबून राहतो. सुरुवात ७-८ अंशांवर करायची. थर्मामीटर नको; कॅनला तळवा लावा, गार लागला पण झोंबला नाही की झालं. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास घेऊ नका, आणि बर्फाचा तर विचारही नको.

८. अर्धा ग्लास साधं पाणी प्या. तहान लागलेली असताना ही बिअर उघडाल तर पहिला घोट गटकन जाईल, आणि त्याच्यामागून दुसराही.

९. कॅन सावकाश उघडा. उघडण्याआधी हलवू नका, उलटा करू नका. व्हरमाँटच्या ‘द अल्केमिस्ट’ ब्रुअरीच्या ‘हेडी टॉपर’ या प्रसिद्ध कॅनवर तर कॅनमधूनच प्या, अशी सूचना छापलेली असते. त्यांच्याशी कोण वाद घालणार! पण आज आपण चाखायला बसलो आहोत, आणि कॅनच्या भोकात नाक जात नाही.

१०. ग्लास तिरका धरा आणि बिअर आतल्या भिंतीवर ओता. उंचावरून धार धरलीत तर ग्लासात फेसच फेस.

११. ओतायच्या बिअरपैकी (माप पुढच्या पायरीत) निम्मी ग्लासात आली की तो सरळ करा आणि उरलेली धार मधोमध सोडा. वर दोन बोटं फेस हवा. फेस म्हणजे फसवणूक नव्हे. वास धरून ठेवायचं काम तोच करतो.

१२. माणशी सुमारे १०० मिलीवर थांबा. ग्लास काठोकाठ भरायचा मोह होईल, आवरा. वास साठायला वर मोकळी जागा लागते. शिवाय हिशेब करा: ८ टक्क्यांच्या ४७३ मिली कॅनमध्ये ३८ मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे जवळजवळ तीन स्मॉल पेग. चवीला फळांच्या रसाइतकी सोपी असल्यामुळे हे कळतच नाही, आणि चढते तेव्हा जिना उतरायची वेळ झालेली असते.

१३. उरलेला कॅन वाटीने झाकून परत फ्रिजमध्ये उभा ठेवा. न झाकता ठेवलात तर कालच्या आमटीचा वास त्यात शिरेल. हा कॅन अजून कामाचा आहे, तो का ते सत्ताविसाव्या पायरीवर कळेल.

नाकाने

१४. लगेच तीन छोटे छोटे हुंगे घ्या. रंग नंतर बघा. वासातला सगळ्यात हलका, सगळ्यात ताजा भाग पहिल्या मिनिटभरातच उडून जातो. लांब श्वास नको, नाक दमतं.

१५. मनात आलेला पहिला शब्द कागदावर लिहा. बोलायचं नाही! टेबलावरचा एक जण ‘आंबा’ म्हणाला की उरलेल्यांनाही आंबाच येतो. शब्द शहाणा असायची गरज नाही. ‘रविवारची सकाळ’ असं लिहिलंत तरी चालेल, नंतर उलगडेल.

१६. ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा. गढूळपणा सगळीकडे सारखा हवा. पिवळा, केशरी, फिकट सोनेरी, सगळं ठीक. रंग करडा, चहासारखा तपकिरी किंवा मळकट जांभळट दिसला तर आत हवा लागली आहे. चव बघा, पण फार आशा नको. मोठे कण तरंगत असतील तर तो गाळ आहे. विष नाही, पण जीभ खरखरीत करतो.

१७. ग्लासावर तळवा झाकून तो हळूच गोल फिरवा. तीन-चार फेऱ्या पुरे. जोरात फिरवलीत तर बिअर मनगटावर, आणि तिच्यातला गॅसही निघून जाईल.

१८. तळवा उचलून दोन सेकंद खोल वास घ्या. इथे अजिबात घाई करू नका, आजच्या बैठकीची ही सगळ्यात भरगच्च जागा आहे. आधी मोठा गट ओळखा: फळ, फूल, गवत की राळ? फळ असेल तर कुठलं? आंबा वाटला तर पिकलेला हापूस की पाडाला आलेली कैरी? संत्रं वाटलं तर आतली फोड की नखाने सोललेली साल? ही दोन अगदी वेगळी असतात. सालीचा वास तिखट आणि तेलकट, फोडीचा गोड. मग अननस, पिवळा पडलेला पेरू, पपनस, लिची, पीच. कॅनवर हॉप्सचं नाव सिट्रा लिहिलं असेल तर लिंबूवर्गातली फळं शोधा. मोझॅक असेल तर बेरी आणि आंबा. गॅलक्सी असेल तर पॅशन फ्रूट आणि पीच. पण कॅनवरची यादी आत्ता वाचू नका, कागदावर लिहून झाल्यावर ताडून बघा.

सावध कुठे व्हायचं? ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी झाली आहे. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा आला तर बनवतानाच काहीतरी चुकलं आहे. कांदा-लसणाचा पुसट वास आला तर मात्र दचकू नका, काही हॉप्स तसेच असतात. मला तो आवडत नाही, पण त्याच्यावर जीव टाकणारे लोक आहेत.

१९. स्वतःच्या बाहीचा वास घ्या. नाक पुन्हा कोरं होतं. कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, आपला शर्ट पुरतो. धुवायला टाकलेला नको, एवढंच.

जिभेने

२०. चमचाभर घोट घ्या आणि गिळा. या घोटावरून काहीही मत बनवू नका. तो फक्त तोंडाची ओळख करून देण्यासाठी आहे. पहिल्या घोटाला कुठलीही आयपीए कडूच लागते.

२१. आता थोडा मोठा घोट घ्या आणि तीन-चार सेकंद तोंडात फिरवा. जिभेच्या शेंड्यापासून गालांच्या आतपर्यंत सगळीकडे पोचू द्या. चव काय ते नंतर, आधी अंग बघा: दाट आहे की पातळ, मऊ आहे की टोचरी? चांगली हेझी ओट्स आणि गव्हामुळे मऊ लागते, बुडबुडे बारीक असतात आणि जिभेला ओरखडत नाहीत. चूळ भरल्यासारखा आवाज करू नका, सगळा फेस होऊन बसेल.

२२. घोट गिळा. वाइन चाखणारे थुंकतात ते बघून थुंकू नका. बिअरचा कडवटपणा घशाशी गेल्यावरच पुरता कळतो.

२३. गिळताक्षणी तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. करून बघाच! जिभेवर नुसतं गोड-कडू होतं, ते या एका श्वासात आंबा आणि अननस होऊन परत येतं. तोंड उघडून ‘वाऽ’ म्हणालात तर हे सगळं हवेत गेलं. दाद नंतर द्या.

२४. मनात दहा आकडे मोजा. कडवटपणा कितव्या आकड्याला मावळतो ते बघा. हेझीमध्ये तो हळू येतो आणि गोडव्याला आवर घालून निघून जातो. दहानंतरही जिभेच्या मुळाशी ॲस्पिरिन चघळल्यासारखं वाटत असेल तर बिअर तोल सांभाळू शकलेली नाही. घशात खवखव होत असेल तर तारीख पुन्हा बघा. कॅन अगदी परवा-तेरवाचा असला की हॉप्सचे बारीक कण घसा खरवडतात. दुसरा कॅन असेल तर तो आठ-पंधरा दिवस फ्रिजमध्ये राहू द्या, खवखव बसते.

२५. छातीत ऊब किती येते ते बघा. ८ टक्क्यांची बिअर आहे, थोडी ऊब येणारच, यायलाच हवी. ती जाळत गेली किंवा स्पिरिटसारखी नाकात चढली तर ती बिअरची खोट आहे. तुम्हाला ‘सवय नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

थांबून

२६. पावाचा एक तुकडा खा, वर दोन घोट पाणी प्या आणि पंधरा मिनिटं ग्लासाला हात लावू नका. निम्मे लोक इथेच हरतात. गप्पा मारता मारता हात आपोआप ग्लासाकडे जातो आणि चाखणं संपून पिणं सुरू होतं. ग्लास हाताच्या टप्प्याबाहेर सरकवा. हवं तर कोपऱ्यात ठेवून त्यावर बशी झाका.

२७. फ्रिजमधला कॅन काढून दुसऱ्या ग्लासात थोडी बिअर ओता. दहाव्या-अकराव्या पायरीसारखीच, पण माणशी चार-पाच घोटांपुरती. तळाची शेवटची दोन-तीन चमचे बिअर कॅनमध्येच राहू द्या. तिथे गाळ बसलेला आहे. तो ओतलात तर गार ग्लास उगाच कडू लागेल.

२८. आधी गार ग्लासाचा वास घ्या, मग पंधरा मिनिटं थांबलेल्याचा. उलट्या क्रमाने केलंत तर गार ग्लास मुका वाटेल. एकाच कॅनमधली बिअर, पण दोन ग्लासांत दोन स्वभाव सापडतात. गार ग्लासात साल, गवत, थोडी कैरी, सगळं टोकदार. थांबलेल्या ग्लासात पिकलेलं फळ पुढे येतं, माल्टचा पावासारखा गोडवा सापडतो, आणि अल्कोहोलही आपला चेहरा दाखवतं. गार असताना लपलेली खोट इथे उघडी पडते. लोणी असेल तर आता वास येईल, पुठ्ठा असेल तर आता कळेल. थांबल्यावर जी आणखी चांगली लागते, ती बिअर जमलेली. जी फक्त गारच बरी लागते, तिच्यावर पुन्हा पैसे घालू नका, कॅनवर चित्र कितीही देखणं असलं तरी.

२९. दोन्ही ग्लासांतून एकेक घोट घ्या, त्याच क्रमाने. मधे पाणी विसरू नका. नाहीतर पहिल्याची चव दुसऱ्याच्या खात्यात जाते.

३०. कागदावर चार ओळी लिहा: नाव आणि तारीख, वास, अंग, कडवटपणा. आकडे द्यायच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी शेवटी एकच प्रश्न सोडवा: हिचा दुसरा कॅन मी स्वतःच्या पैशाने घेईन का? उत्तर आत्ताच लिहा. ग्लास संपल्यावर सगळ्याच बिअर चांगल्या वाटतात.

३१. आता एकमेकांचे कागद वाचा. तुमचा पेरू आणि समोरच्याचं पपनस यांत कोण बरोबर यावरून भांडू नका. सगळ्यांना पुठ्ठा आला असेल तर मात्र विषय संपला.

३२. चकणा बाहेर आणा. बटाटेवडा चालेल, तव्यावरची कोळंबी चालेल, जुनं चेडर चीज तर फारच छान. ठेचा आणि सुकी लाल चटणी लांब ठेवा. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिळून मिरचीची आग वाढवतात, आणि ती विझवायला हात याच ग्लासाकडे जातो.

३३. बिअर उरलीच तर उद्यासाठी ठेवू नका. सकाळपर्यंत तिचा गॅस गेलेला असेल आणि पुठ्ठ्याचा वास लागायला सुरुवात झालेली असेल. पाऊण वाटीभर असेल तर लगेच मैदा, तांदळाचं पीठ आणि मिठात कालवा, माशाचे तुकडे बुडवा आणि तळून काढा. आवरण कुरकुरीत होतं. पीठ पातळ करायला आणखी बिअर घालू नका, कडू होईल, पाणी घाला.